म्हात्रेबाईंनी लावलेला धवल्यांचा क्रम

श्रीमती हेमलता म्हात्रे यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या रागामुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याच्या आमच्या शाळेला कुणा दानशूर गृहस्थांनी एक संगणक दिला होता आणि तो बिचारा वर्षभर चादरीखाली झोपून होता. कुणीतरी तो शिकून घ्यायला हवा असं शेवटी ठरलं. गणिताचे सर निवृत्तीला टेकलेले, विज्ञानाचे सर नेमके त्याच आठवड्यात आजारी. उरले मी, मराठी शिकवणारी. "कर्णिकबाई, तीसुद्धा भाषाच आहे हो," मुख्याध्यापक गोड हसून म्हणाले. म्हणजे नाव भाषेचं आणि गळ्यात घोंगडं माझ्या! दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की नागोठण्यावरून जाणारी एसटी पकडायची, पेणच्या मुलींच्या शाळेत शिक्षकांसाठी चालणाऱ्या वर्गाला बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं माझ्या नशिबी आलं.

पहिल्याच दिवशी संगणकाच्या खोलीबाहेर शिपायाने मला चपला काढायला लावल्या. मी कडाडले, "वर्गात चालले आहे की देवळात?" दाराशी वाकून चपला ओळीने लावणाऱ्या एक बाई मान वर न करताच म्हणाल्या, "देवळातच समजा. फक्त इथला देव चुकलं की लगेच सांगतो." मला वाटलं, माझ्यासारख्याच पकडून आणलेल्या कुणी असतील. खोलीत जाऊन पाहते तर त्याच फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या. साधी सुती साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं हळू. याच म्हात्रेबाई. पेणला गणित शिकवायच्या आणि संगणक स्वतःचा स्वतः शिकल्या होत्या.

आज डोळे मिटले की ती खोली जशीच्या तशी समोर येते. ओढलेले पडदे, पंख्याची घरघर, काळ्या पडद्यावर हळूहळू उमटणारी हिरवी अक्षरं, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी स्वप्नात ऐकू यावा तसा बाईंचा आवाज. बाहेर पेणचा सगळा गलबला, आत आम्ही सात-आठ प्रौढ विद्यार्थी, विद्यार्थ्यांहून जास्त घाबरलेले. बाई आम्हाला एकच कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहायला शिकवत होत्या. पडद्यावर चार पर्याय यायचे. एक दाबला की नावं भरायची, दोन दाबला की ती क्रमाने लागायची, तीन दाबला की यादी दिसायची, चार दाबला की बाहेर. बस्स, एवढंच. पण त्या "दोन"मध्ये आमचे दोन महिने गेले.

नावं क्रमाने लावायची म्हणजे शेजारशेजारची दोन नावं घ्यायची, मागचं पुढे असेल तर अदलाबदल करायची, की पुढची जोडी. असं सगळं रांगभर, पुन्हा पुन्हा. अदलाबदल माझ्या डोक्यात शिरेना. मी वैतागून म्हटलं, "अहो, हे तिकडे आणि ते इकडे, एवढं त्या यंत्राला कळू नये?" बाई उठल्या, डब्याच्या पिशवीतून दोन वाट्या काढल्या, एकीत ताक ओतलं, दुसरीत सोलकढी. "आता याची जागा त्याला द्या," म्हणाल्या. मी वाट्या हातात घेऊन बघत बसले. मग त्यांनी तिसरी, रिकामी वाटी पुढे केली. ते ताक आणि ती सोलकढी मग आम्ही दोघींनी पिऊन टाकली, आणि अदलाबदल मी जन्मात विसरले नाही.

बाईंच्या शिकवण्याबद्दल त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरही लिहितील. मला आधी सांगायची आहे ती त्या खोलीच्या दारातली गोष्ट. त्या शाळेत मिठागरांवरच्या आणि वाड्यांवरच्या मुली यायच्या, काही अनवाणी, पायाला खाडीचा चिखल. असल्या पायांनी संगणकाच्या खोलीत नको, असं कुणीतरी वरून सांगितलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात पाण्याची बादली, तांब्या आणि जुनं लुगडं ठेवलेलं. पहिल्यांदा स्वतःचे पाय धुतले, मग म्हणाल्या, "हं, आता सगळ्यांनी." निरोप आणणाऱ्यांनाही पाय धुवावे लागले. मी असते तर तोंडाचा पट्टा सुरू केला असता आणि मुली बाहेरच राहिल्या असत्या, हे मी प्रांजळपणे सांगते.

वर्ग संपल्यावर माझ्या एसटीला वेळ असायचा. बाई तेवढ्यात आपलं काम उरकत. एकदा मागून डोकावले, तर त्यांच्या यादीत मुलींची नावं नव्हतीच. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, उंबराचा, पाण्याचा, हळदीचा, मांडवाचा, उटण्याचा. "हे काय हो, किराणा का?" मी विचारलं. बाई हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं हसणं मला थकलेलं वाटलं. "धवले आहेत," म्हणाल्या. "आईचे."

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाडीकाठच्या गावांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गळ्यावर. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला एकेक गाणं, तो धवला. ती बाई गाते तसतसं लग्न पुढे सरकतं. म्हात्रेबाईंच्या आई, सोनुबाय, या पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. पण वर्ष-दीड वर्षापासून त्यांच्या डोक्यात गाण्यांची गुंतागुंत व्हायला लागली होती. हळदीचा धवला म्हणता म्हणता मध्येच पाठवणीचा सुरू व्हायचा. एका लग्नात लोक हसले. मग बोलावणी येणं थांबलं, आणि आईंनी गाणंच काय, बोलणंही कमी केलं. त्यांची आता एकच इच्छा उरली होती. बाईंच्या भावाची मुलगी वनिता, हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. नातीचे धवले मीच म्हणणार, हा आईंचा हट्ट. भाऊ म्हणत होता, शेजारच्या गावची धवलारीण सांगू, भर मांडवात आईची शोभा नको. आणि बाई म्हणत होत्या, "आई गाईल. मी तिच्या शेजारी बसेन."

त्यासाठी हा कार्यक्रम. यादी बरोबर असली की पुढच्या धवल्याचा पहिला शब्द कानात सांगता येईल, बाकीचं आई गळ्याने पुढे नेईल, असा त्यांचा हिशेब. बाईंनी लहानपणापासून कानावर पडलेले सगळे धवले भरले, "दोन" दाबलं, यंत्राने ते झर्रकन क्रमाने लावले, आणि गणिताच्या आमच्या या काटेकोर बाई ती यादी घेऊन उत्साहाने घरी गेल्या. पुढच्या शनिवारी आल्या त्या चेहरा पाडून. यंत्राने क्रम लावला होता तो अक्षरांचा! बाई वाचत गेल्या आणि आई लेकीवर विश्वास ठेवून त्याच ओळीने मनातल्या मनात लग्न लावत गेल्या. अर्ध्यावर थांबून म्हणाल्या, "हेमे, ह्यो काय केलास गो? नवरी उटण्याच्या आधी सासरी गेली." आणि रडायला लागल्या. त्यांना वाटलं, चूक आपल्याच डोक्याची.

"अहो पण मग आईंनाच विचारा ना, कशानंतर काय," मी म्हटलं. विचारलं होतं. आईंना ते सांगता येत नव्हतं. आधी काय, नंतर काय, हे त्यांच्या तोंडाला माहीत नव्हतं, हातांना माहीत होतं. हळद कांडायला लागलं की हळदीचा धवला आपोआप यायचा. "मग नुसतं कांडायला बसवा की!" तेही झालं नाही. आई साफ म्हणाल्या, "लगीन नाय तं धवला नाय. खेल हाय काय ह्यो?" लग्नाशिवाय धवला गाणं म्हणजे त्यांच्या मते देवाला उगाच हाक मारून उठवणं. आणि वनिताच्या आधी घरात दुसरं लग्न नव्हतं.

दिवाळी झाली तशी बाई एका शनिवारी माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "कर्णिकबाई, लग्न सापडलं. तुम्ही यायचं." तुळशीचं! मी म्हटलं, "बाई, तुमच्यापुढे हात टेकले."

कार्तिकातली ती दुपार. पेणहून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही गेलो. शेतांत भात कापून पडलेलं, सगळीकडे त्याचा कोवळा, ओलसर वास. भरतीचं पाणी बांधाशी येऊन चुळबुळत होतं. अंगणात बाईंनी खराखुरा मांडव घातला होता, चार खांबांचा, आंब्याच्या डहाळ्यांचा. तुळशीला हिरवी खणचोळी, शेजारी पाटावर बाळकृष्ण. उंबराची फांदी आणली, ओढ्याचं पाणी आणलं, हळद उखळाशी ठेवली. काही म्हणजे काही कमी नव्हतं. आई ओटीवर बसल्या होत्या. खारकेसारखी सुरकुतलेली, एवढीशी बाई. मांडव, फांदी, तुळस, सगळं निरखलं त्यांनी. मग विचारलं, "पोर कोनाची?"

"आपली," बाई म्हणाल्या.

"मंग बसलाव काय नुसती? मांडवाला हात लावा."

आणि सुरू झालं. मी मांडवाच्या कोपऱ्यात क्रम टिपायला कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. विधी बदलला की आईंचे हात हलायचे, हात हलले की आवाज यायचा. उंच नाही, गोड तर नाहीच, पण असा लांबवर पसरणारा की वाटायचं, हा आवाज या बाईच्या आधीपासून इथेच होता. एक धवला संपला की दुसरा आपल्या पायांनी चालत यायचा. कुठे अडखळणं नाही, कुठे गुंता नाही. ऊन उतरलं, दिवे लागले, बायका जमल्या, त्या ओळीचा शेवट धरून मागून ओढ घ्यायला लागल्या. मी कुठे आहे, कोणत्या साली आहे, मला रोह्याला परत जायचं आहे की नाही, काही आठवेना. कागदावर पाणी पडून पेन्सिलीचं टोक त्यात रुतलं तेव्हा कळलं, मी रडते आहे. मी! आमच्या शाळेत विचारा, मला कुणी रडताना पाहिलं आहे का.

शेवटचा, पाठवणीचा धवला आला तेव्हा आई तुळशीच्या कुंडीवर हात ठेवून गायल्या. माझी शेवटची एसटी केव्हाच गेली होती. मला त्या घरी चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली आणि झोपायला वनिताची गोधडी. आपल्या घरी आलेल्या माणसाला बाई पाहुणं म्हणून वागवतच नाहीत. सकाळी अंगण सारवायला मला पोचारा दिला!

पुढच्या शनिवारी बाईंनी प्रत्येक धवल्यापुढे त्याचा क्रमांक लिहिला आणि कार्यक्रम नव्याने मांडला. आता नावावर नाही, क्रमांकावर लावायचं, आणि क्रमांक हलला की नावानेही त्याच्याबरोबर हलायचं. मध्ये दोनदा वीज गेली, दोनदा सगळं पुसलं गेलं. मी यंत्राला शिव्या घातल्या. बाई म्हणाल्या, "त्याला राग येत नाही म्हणून तुम्ही दोघांचं मिळून एकट्याच रागावता." शेवटी "तीन" दाबलं आणि पडद्यावर ते लग्न वरून खाली उलगडत गेलं, मांडवापासून पाठवणीपर्यंत. करकर आवाज करत कागद छापून निघाला. बाईंनी त्याची घडी घालून कमरेला खोचली.

पण वैशाखापर्यंत आई आणखी लांब गेल्या होत्या. कधी लेकीला बहिणीच्या नावाने हाक मारत, कधी दुपारी उठून "भरती आली, बांधावर चला" म्हणत. लग्नाच्या आदल्या आठवड्यात भावाने पुन्हा विषय काढला. बाईंनी उत्तर दिलं ते मी ऐकलेलं आहे. "दादा, चुकली तर मी आहे ना."

लग्नाला मी रोह्याहून पहाटेच्या एसटीने गेले. खाडीकाठाने मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात चमकत होत्या. मांडव माणसांनी भरलेला. आईंना नवं लुगडं नेसवून मधोमध बसवलं होतं, शेजारी बाई, मांडीवर तो कागद. मांडवाचा धवला झाला. उंबराचा झाला, पाण्याचा झाला. बाई पहिला शब्द हळूच कानात सांगत, आई तो उचलून पुढे नेत. सगळं यादीबरहुकूम. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता.

मग हळद आली. वनिता पाटावर बसली, कपाळाला मुंडावळ्या, हात जोडलेले. बाईंनी हळदीच्या धवल्याचा पहिला शब्द सांगितला. आईंनी नातीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि गायला सुरुवात केली ती पाठवणीला.

मांडवात चुळबुळ झाली. हळद लागायच्या आधी नवरीची पाठवणी! वराकडची एक बाई उठून उभी राहिली, "व्हय गो, ह्यो काय अपशकुन? थांबवा म्हातारीला." भावाचा चेहरा पडला. कुणीतरी फिसकन हसलं. आईंना ते हसू ऐकू गेलं असावं, कारण आवाज कापला आणि नजर लेकीकडे वळली, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीची वळते तशी.

बाईंच्या मांडीवर बरोबर क्रम होता. त्यासाठी त्यांनी किती शनिवार घातले, ते मी पाहिलं होतं. एक शब्द कानात सांगितला असता तर सगळं ओळीवर आलं असतं. बाईंनी तो कागद उचलला, मांडीखाली सारला, त्यावर बसल्या, आणि पाठवणीचा धवला आईच्या सुरात सूर मिसळून गायला लागल्या. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. गणित सोडवताना गुणगुणणंसुद्धा नाही. आवाज फाटका, पण ठाम. एक बाई चुकत असली तर ती चूक, दोघी मिळून गायल्या तर कोण काय म्हणणार? मागच्या बायकांनी ओढ घेतली. मग त्यांच्या मागच्यांनी. वनिता रडायला लागली, तिची आई रडली, उठून उभी राहिलेली ती वराकडची बाई खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. सगळ्या मांडवाने मुलीला आधीच निरोप देऊन टाकला, अगदी पोटभर.

धवला संपला. आई पुढे सरकल्या. मग आपल्याच हाताने हळदीची वाटी ओढून घेतली, बोट बुडवलं, नातीच्या गालाला लावलं, आणि हळदीचा धवला सुरू झाला. पुढे शेवटपर्यंत कुणाला काही सांगावं लागलं नाही. संध्याकाळी नवरी निघाली तेव्हा गाणं उरलंच नव्हतं. वनिता आजीच्या पाया पडली आणि हसत हसत गेली. खाडीकाठाला अशी हसत गेलेली नवरी पहिलीच असेल.

परतताना स्टँडवर मी बाईंना विचारलं, "एवढा क्रम लावलात आणि ऐनवेळी बसलात त्याच्यावर?" बाई म्हणाल्या, "क्रम आईसाठी लावला होता हो. आई क्रमासाठी नव्हती." आणि माझी एसटी आली म्हणून मला ढकलून आत चढवलं, खिडकीतून हातात लाडवांची पुडी दिली.

आई त्यानंतर कुठे गायल्या नाहीत. त्या गेल्या त्या समाधानाने गेल्या, असं बाई सांगतात. पुढे बाईंनी खाडीकाठच्या कितीतरी मुलींना संगणक शिकवला. त्यातल्या कुणी डोलवीला कारखान्यात लागल्या, कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परदेशी गेल्या. त्यांच्या यशाच्या कथा इथे इतर पानांवर आहेतच. मी हीच कथा लिहायचं ठरवलं, कारण बाईंच्या बुद्धीचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी कागदावर बसलेल्या बाई फार थोड्यांनी पाहिल्या.

आता त्यांना पंचाहत्तर पूर्ण होताहेत आणि मीही फार मागे नाही. दीर्घायुष्य चिंतायचं ते निःस्वार्थीपणे, असा संकेत आहे. पण मी आहे तश्शी स्वार्थी आहे. हल्ली माझंही होऊ लागलं आहे, बाई. कालची गोष्ट आजच्या आधी सांगते, मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारते, बोलता बोलता पुढचं मागे जातं. घरातले प्रेमाने दुरुस्त करतात, आणि प्रत्येक दुरुस्तीला मी थोडी गप्प होते. म्हणून मागणं एवढंच, की आपण धडधाकट राहा, खणखणीत राहा, शंभरी पाहा. एखाद्या दिवशी भर माणसांत माझं चुकीचं गाणं सुरू होईल. तेव्हा आपण माझ्या शेजारी बसलेल्या असा.